वळशाची वायर

८ जून २०२५, रविवार. धुळे

सापडली! पान चार, आकृती दोन. छापणाऱ्याची ढळढळीत चूक.

सुलक्षणाच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी, जळगावला. डॉक्टर मंजू मॅडमनी एक पुस्तिका दिली आहे — थायरॉइडची ग्रंथी कुठे असते, काय करते, काढतात कशी. लोक अशी पुस्तिका घडी करून पिशवीत टाकतात आणि विसरतात. बायकोच्या गळ्यात सुरी जाणार आणि नवऱ्याला आत काय आहे ते माहीत नाही! मी पहिल्या पानापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचली.

गाठ कॅन्सरची नाही. सुई घालून तपासून झालं. पण वाढतेय, घास अडतो. काढावीच लागणार. धोका एकच — आवाज. स्वरयंत्राकडे जाणारे दोन मज्जातंतू, एक डावा एक उजवा, त्या ग्रंथीला अगदी चिकटून जातात. (लोक 'नस' म्हणतात. म्हणू नये. नस म्हटलं की निम्म्यांना रक्ताची वाटते.) त्याला नुसता धक्का लागला तर आवाज काही दिवस बसतो. तुटला तर बसलेलाच राहतो.

आता आकृती दोन. तंतू मेंदूकडून निघतो, मानेतून खाली येतो, स्वरयंत्राच्या शेजारून जातो — आणि तिथे थांबत नाही! तसाच खाली छातीकडे उतरतो, रक्ताच्या मोठ्या नळीखालून वळसा घेतो आणि परत वर गळ्यात येतो. ज्या दारावरून गेला त्याच दारात, गावभर फिरून. मीटरच्या शेजारी बल्ब लावायचा आणि वायर गच्चीवरून फिरवून आणायची — असं कोण करेल?

पेन्सिल घेतली. छापलेल्या रेघेवर फुली मारली. मेंदूपासून स्वरयंत्रापर्यंत सरळ रेघ काढली, दोन्ही बाजूंना. खाली 'दुरुस्त' लिहून सही. गुरुवारी तपासणीला जायचं आहे, तेव्हा मॅडमना दाखवणार. पुढची आवृत्ती तरी नीट निघेल.

सुलक्षणा भाकरी थापत होती. म्हणाली, "आते डॉक्टरनीले शिकाडशात का?"

म्हटलं, चूक ती चूक.

"मना गळा तिना हातमा शे. पहिले शिवू द्या, मंग चूक काढा."

९ जून

चंपालालच्या दुकानात. दीड एमएमची वायर दोन बंडलं. पिवळी मागितली, पोऱ्याने हिरवी काढली. परत पाठवली.

चंपालालला आकृती दाखवली. त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आग्रा रोडला, आणि बारा वर्षं त्याच्या काउंटरवर उभा राहून मी एकच गोष्ट सांगत आलोय — गुंतागुंतीची वस्तू आपोआप होत नाही. एखाद्या बंगल्यात मेन बोर्ड उघडावा, आत प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक वळण काटकोनात, प्रत्येक टोकाला नंबर — तर तिथे कुणी वायरमन आलाच नव्हता, वाऱ्याने वायरी उडत येऊन बसल्या, असं म्हणाल का? मग डोळा? कान? माणसाचं हृदय? माझी शाळा दहावीला संपली. वायरिंग बघून बघून शिकलो आणि बाकी सगळं वाचून. देवळात फारसा जात नाही. पण मुख्य ठेकेदार मानतो. काम आहे म्हणजे काम करणारा आहे.

चंपालाल नेहमीसारखी मान हलवत म्हणाला, "शालिग्रामभाऊ, तुम्ही बोलता ते ऐकत राहावंसं वाटतं."

हा माणूस व्यापारी, पण धर्माचा पक्का. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट नाही. त्याला पटतं, कारण त्याला श्रद्धा आहे. आमच्या ज्ञानेश्वरला पटत नाही, कारण त्याला पदवी आहे.

१० जून

ज्ञानेश्वरचा फोन. सुलक्षणाचा धाकटा भाऊ. जळगावला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. लग्नात माझे बूट लपवणारं कार्टं — आता मला उत्क्रांती शिकवतं.

ताईची चौकशी झाली. मग मी आकृतीचं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज. बराच वेळ.

"दाजी, चूक पुस्तिकेत नाही. तुमच्या ठेकेदाराच्या वायरिंगमध्ये आहे."

म्हटलं, म्हणजे?

"तंतू तसाच जातो. माणसाचा, कुत्र्याचा, बैलाचा. आपल्याकडून काठेवाडी लोकांचे उंट जातात ना? त्या उंटाच्या मानेतून पार छातीपर्यंत जाऊन परत वर येतो. मोजायला टेप घेऊन जा. लाथ बसली तर माझं नाव सांगू नका."

फोन ठेवला. त्याला ताईपेक्षा दाजीला खिजवण्यात रस. मी छापलेलं मानत नाही तर ऐकलेलं मानेन?

१२ जून, गुरुवार

जळगाव. मॅडमच्या टेबलावर पुस्तिका ठेवली. पान उघडलं. म्हटलं, पुढच्या वेळी छापताना एवढं बघा.

तरुण बाई आहेत. हसल्या नाहीत, ते एक बरं केलं. (सुलक्षणा हसली.) स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. "काका, ही अशीच जाते. उजवी इथपर्यंत, हंसळीच्या हाडामागे, आणि वळते. डावी तर छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीखालून वळून परत येते. छपाई बरोबर आहे."

"पण का?"

"का ते मला ऑपरेशनला लागत नाही. कुठून ते लागतं."

मग सुलक्षणाला म्हणाल्या, "काकू, आवाजाचं काही काम करता का? शिक्षिका वगैरे?"

सुलक्षणा म्हणाली, "कानबाईची गाणी म्हणते."

मॅडम मूळच्या राजस्थानकडच्या, त्यांना कानबाई ठाऊक नव्हती. मला सांगावं लागलं. आमची खानदेशातली देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी नदीवर शिरवतात, म्हणजे विसर्जन. घरोघरी रोटाचा नैवेद्य. आणि गाणी. आमच्या गल्लीत कानबाईचा पहिला सूर सुलक्षणाचा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून. ती उचलते, मग बाया मागून घेतात. तिने उचलल्याशिवाय कानबाई हलत नाही, असं बाया म्हणतात.

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी काळजी घेईन. पण खात्री देता येत नाही. ते खोटं होईल."

येताना बसमध्ये एरंडोलपर्यंत मी तेच पान उघडून बसलो. सुलक्षणाच म्हणाली, "एवढं काय? पेन्सिलचंच शे. खोडी टाका."

खोडलं नाही. प्रश्न पेन्सिलीचा नाहीच. माझ्या हाताखालच्या पोराने अशी वायर काढली असती तर उपटायला लावली असती! आणि इथे — मुख्य ठेकेदार! डोळ्याची भिंगं बसवणारा, कानात केसाएवढी हाडं जोडणारा — आणि आवाजासारखी गोष्ट अशी फिरवून, लोंबकळत टाकून ठेवतो? म्हणजे निष्काळजी, नाहीतर मुद्दाम. यातलं कुठलं वाईट तेच कळत नाही. त्या वळशात त्याने हिचा आवाज अडकवून ठेवला, वर गाठ दिली, आणि आता बघत बसलाय. हिने काय केलं होतं त्याचं?

१३ जून

काही लिहिण्यासारखं नाही. सुलक्षणा भांडी घासताना कानबाईचं गाणं म्हणत होती. सबंध. एकही कडवं न गाळता. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो, ऐकत नाही असं दाखवत.

१४ जून, शनिवार

आज सोनगीरला. हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

समाधानच्या घरचं काम. वडील हिलालआबा. फुप्फुसं गेली आहेत, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर. समाधानने घराच्या पुढच्या बाजूला एक खोली वाढवली, आबांसाठी, हवेशीर. नव्या खोलीची भिंत मीटरच्या भिंतीला लागून. काम सोपं. मेन बंद करायचा, बोर्डातून नवी लाइन काढायची, भिंतीला भोक, पलीकडे खोली. वायर लागली असती हातभर.

मेनच्या मुठीला हात घातला आणि समाधान आतून धावत आला. "भाऊ, बंद नका करू! आबांचं मशीन!"

म्हटलं, दोन तास लागतील. इन्व्हर्टर?

"मशीन त्याच्यावर पंधरा मिनिटं चालतं. मग आबा निळे पडतात."

आबा खाटेवर बसून बघत होते. नाकात नळी. बोलताना दम लागतो, पण जीभ शाबूत. "बंद करी टाका," म्हणाले. "नवी खोलीना उद्घाटनलेच मरसू."

मग काय करणार! मेनला हात न लावता काम करायचं. मागच्या गोठ्यातला शेवटचा बोर्ड वेगळा बंद करता येत होता. तिथून लाइन घेतली, गोठ्याच्या पत्र्याखालून, चुलीच्या भिंतीवरून, सगळ्या घराला बाहेरून वळसा घालून पुढच्या खोलीत आणली. हातभर वायरीच्या जागी सत्तर फूट. क्लिपा सरळ ठोकल्या, एका रेषेत, पण मार्ग म्हणाल तर गाढवपणाचा. शिडीवर उभा राहून मनाशी म्हणत होतो, उद्या दुसरा कुणी वायरमन येईल, ही लाइन बघेल आणि म्हणेल, कोण अडाणी होता हा?

आणि शिडीवरच हात थांबला.

तो अडाणी नव्हता! त्याला घर बंद करता येत नव्हतं! आत माणूस श्वास घेत होता!

नकाशावर घर बांधणारा सरळ वायर काढतो. राहत्या घरात काम करणाऱ्याला जे आहे त्यातूनच पुढे न्यावं लागतं. आधीचं उपटता येत नाही. एक खोली वाढली की वायर थोडी लांबते. अजून एक वाढली, अजून लांबते. शेवटी पाहणाऱ्याला वेड्याचा कारभार दिसतो. अशी वायर पाहिली की मी आजवर एकाच गोष्टीवरून ओळखत आलोय — हे घर एकदम बांधलेलं नाही. वाढवत वाढवत आणलंय, आणि वाढवताना आत माणसं राहत होती.

खाली उतरलो. समाधानने चहा दिला. आबा म्हणाले, "काय व्हयनं? शॉक लागना का?"

म्हटलं, तसंच काहीतरी.

१५ जून, रविवार. जळगाव

आज मुक्काम ज्ञानेश्वरकडे. उद्या पहाटे दवाखान्यात भरती. त्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण जेवताना राहवलं नाही. सोनगीरची गोष्ट सांगितली.

मला वाटलं, हा आता ताटावरून उठून नाचेल. नाचला नाही. घास हातात धरून बसला.

"दाजी, हे मी वर्गात कधी असं सांगितलं नाही," म्हणाला.

मग त्याने त्याचं सांगितलं. माशाला मान नसते. त्याचं हृदय डोक्याला लागून, कल्ल्यांच्या शेजारी. तिथे हाच तंतू रक्ताच्या नळीमागून कल्ल्याकडे जातो — अगदी सरळ. चुकीचं काहीच नाही. पुढे लाखो पिढ्यांत मान आली, लांबली, हृदय खाली छातीत सरकलं. नळी खाली गेली आणि तंतू तिच्याखाली अडकलेला, तोही ओढला गेला. सोडवायचा तर तोडायला हवा. तोडला तर जनावर जगत नाही. म्हणून लांबतच गेला. आईच्या पोटात मूल वाढतं तेव्हाही थोडंफार असंच होतं म्हणे. आधी मान नसते, मग हृदय खाली उतरतं आणि तंतूला बरोबर नेतं.

म्हटलं, "म्हणजे वायर चुकीची टाकली नाही. खोल्या सरकल्या."

"खोल्या सरकल्या."

"आणि डोळा? तोही असाच, वाढवत वाढवत?"

"तोही. त्याच्याही वायरी पडद्याच्या चुकीच्या बाजूने निघतात. उद्या सांगतो. एका दिवशी दोन अवयव कबूल करू नका, झेपणार नाही."

"म्हणजे मुद्दाम कुणी केलेलं नाही."

"नाही."

"आणि गाठ? तीही हिच्यावर कुणी —"

तेव्हा त्याला कळलं मी काय विचारतोय. म्हणाला, "नाही हो दाजी. ताईवर कुणाचा राग नाही."

एवढं हलकं वाटलं! गुरुवारपासून छातीवर काहीतरी धरून फिरत होतो, ते खाली ठेवल्यासारखं. कुणी बघत बसलेला नाही. शिक्षा नाही, निष्काळजीपणा नाही. जुनं घर आहे. लोकांनी राहून राहून वाढवलेलं. त्यात एक गाठ आली, ती काढायची. बस.

बारा वर्षांचा वाद हरलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

फक्त एक राहिलं. मी म्हटलं, "मग उद्या हात कुणाला जोडायचे?"

"मला जोडा," ज्ञानेश्वर म्हणाला. "बूट लपवले तेव्हापासून वाट बघतोय."

सुलक्षणा खोकेपर्यंत हसली.

१६ जून, सोमवार

झालं. जरा जास्त वेळ लागला.

मॅडम बाहेर आल्या, टोपीखाली घाम. "ग्रंथी पूर्ण निघाली. आत थोडं वेगळं होतं, पण नीट झालं. नंतर चित्र काढून सांगते, आता पुढची केस आहे." एवढं बोलून गेल्या.

वेगळं म्हणजे काय? ज्ञानेश्वर म्हणाला, नीट झालं म्हणाल्या ना, दाजी, तेवढं धरा.

सुलक्षणा डोळे उघडून म्हणाली — म्हणाली म्हणजे नुसती हवा — "जेवनात का?"

१७ जून

नुसती हवाच. मॅडम म्हणतात, सूज आहे, आठवडे लागतात, रोज थोडं थोडं बोलवून घ्या. मी विचारलं, तंतू शाबूत आहे ना? "दोन्ही शाबूत. मी डोळ्यांनी पाहिलेत."

डोळ्यांनी पाहिलेत. हे वाक्य दिवसभर पुरलं.

२४ जून

टाके काढून धुळ्याला घरी. मॅडम परगावी होत्या, दुसऱ्या डॉक्टरांनी काढले. त्यामुळे 'वेगळं' काय होतं ते राहिलंच.

संध्याकाळी चंपालाल आला भेटायला, मोसंबी घेऊन. म्हटलं, आता याला सांगितलंच पाहिजे. बारा वर्षं माझ्या बाजूने मान हलवणारा माणूस. माझा निकाल बदलला हे त्याला दुसऱ्याकडून कळायला नको. श्रद्धा दुखावेल म्हणून हळूहळू सांगितलं — सोनगीर, मासा, वळसा. शेवटी म्हटलं, चंपालालशेठ, मनाला लावून घेऊ नका, पण मला आता वाटतं, घडवणारा असा कुणी नसावा.

चंपालाल मोसंबी सोलत म्हणाला, "पण भाऊ, आमच्यात तो नाहीच."

"कोण नाही?"

"कर्ता. जग बनवणारा. आम्ही जैन लोक मानतच नाही. जग आधीपासून आहे, कुणी केलेलं नाही. तीर्थंकर बनवत नसतात, वाट दाखवतात. हे लहान पोरांनाही शिकवतात आमच्याकडे. माझ्या नातीला, जिनलला विचारा, सात वर्षांची आहे."

मी विचारलं, "मग बारा वर्षं मान का हलवत होता?"

"तुम्ही सांगता छान. आणि गिऱ्हाईक आहात."

सुलक्षणाचे खांदे हलत होते. आवाज नाही, पण हसणं पूर्ण. गळ्याला हात लावून हसत होती.

मी समजत होतो आम्ही दोघं एका बाजूला. म्हणजे बारा वर्षं मी एकटाच होतो! चंपालाल म्हणाला, "तुमचं उत्क्रांतीचंही आमच्याशी सगळं जुळत नाही बरं का." म्हटलं, आता मान हलवू नका, सरळ भांडा. म्हणाला, "दुकानात या."

९ जुलै

आवाज येतोय. घोगरा, फाटका, पण आवाज! भाजीवाल्याशी गिलक्यांवरून वाद घातला आणि जिंकली. बिचारा घाबरूनच तयार झाला असेल, बाईच्या गळ्यातून असा आवाज येतो म्हणून.

२० जुलै, रविवार

सकाळी तिने गाण्याचा पहिला सूर उचलून पाहिला. मी न्हाणीघरात होतो. खालचा लागला. वर जाताना तुटला. पुन्हा उचलला. तिथेच तुटला.

मग स्टोव्हचाच आवाज.

बाहेर आलो तर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा पहिला सूर पुष्पाबाईले देसू. सांगी दिधं मी तिले."

पुष्पाबाई समोरच्या घरातली. चांगली बाई आहे. सूर कानशिलात जातो.

मी सांगू लागलो, सूज उतरायला तीन महिनेही लागतात, मॅडम म्हणाल्या —

"माले माहीत शे," म्हणाली. "सगळंच उमजाडी सांगानं नसतं."

गप्प बसलो. मला गप्प बसता येतं. सवय नाही, एवढंच.

२७ जुलै

फोनवर ज्ञानेश्वर. डोळ्यावर भांडलो. पडद्याच्या वायरी पुढून निघतात हे खरं असेल, पण त्याने 'चूक' शब्द वापरायचा नाही, असं मी सांगितलं. राहत्या घरातल्या कामाला चूक म्हणत नाहीत. तडजोड म्हणतात. त्याने मान्य केलं! म्हणे, वर्गात हाच शब्द वापरेन. मी लिहून द्यायला सांगितलं. हसला.

बरं वाटतंय. नुसतं भांडतानाही.

४ ऑगस्ट, सोमवार

कानबाई शिरवून आलो. पायाला पांझरेचा चिखल अजून आहे. तसाच बसलोय लिहायला.

सकाळी गल्ली भरलेली. कानबाईला नथ, बांगड्या, साडी. माझी लाइटिंगची माळ, एक दिवा विझलेला नाही. पाट डोक्यावर घेतला. बाया थांबल्या. सवयीने सगळ्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं. तिने पुष्पाबाईकडे हात केला.

पुष्पाबाईने उचलला. असा वर नेला की मागच्या बायांना पोचता येईना. दोघी-तिघी अर्ध्यावर गळाल्या. एक जण खोकू लागली. दुसऱ्या ओळीला पुष्पाबाईचाच सूर फाटला. गाणं थांबलं. कानबाई थांबली. वाजंत्रीवाले एकमेकांकडे बघायला लागले.

मी सुलक्षणाकडे पाहिलंच नाही. माळेची पिन उगाच घट्ट करत राहिलो.

आणि खालून, अगदी खालून, उठला. तिचा जुना सूर नाही — जाड, थोडा खरखरीत, जमिनीलगतचा. तिला वर जाता येत नव्हतं म्हणून तिने सगळं गाणंच खाली आणलं होतं. पहिली ओळ एकटीने. दुसरीला पुष्पाबाई. मग सगळ्या. भिकुबाई नव्वदीच्या, त्यांचे ओठ हलताना मी दर वर्षी पाहतो. आज आवाज ऐकला.

नदीपर्यंत तुटला नाही.

परत येताना बाया चिडवत होत्या. पुष्पाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "वं सुलक्षणा, इतला वरीस तू आमना गळा ताणी ताणी मारी टाकनी! आते कुठे सगळ्यासले झेपनं. हाईच सूर ठेव बाई."

सुलक्षणा म्हणाली, "ठेवा काय, दुसरा शेच कुठे!" आणि हसली. मोठ्याने.

मी मागे चालत होतो. रुमाल घरी विसरलो होतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

जळगाव, शेवटची तपासणी. मॅडमनी विचारलं, "काका, ते दुरुस्त केलेलं पान आहे का?" होतं. त्यांनी माझी पेन्सिल घेतली, डाव्या बाजूच्या माझ्या सरळ रेघेवर फुली मारली. उजवीकडची ठेवली.

"ही बरोबर आहे. काकूंची उजवी नस वळसा घेतच नाही. मेंदूतून सरळ गळ्यात. हातात जाणारी रक्तवाहिनी त्यांची वेगळ्या जागेवरून निघालेली आहे, त्यामुळे नस खाली ओढलीच गेली नाही. हजारात पाच-सहा जणांत सापडतं."

(नस म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही.)

म्हटलं, म्हणजे चांगलंच की!

"चांगलं? मी वळशाच्या जागी शोधत होते. तिथे नव्हती. वर एक आडवी दोरी दिसली, वाटलं रक्ताची बारीक नळी असेल. कात्री लावली होती. दाबायची बाकी होती."

"मग?"

"मग हात थांबला. म्हटलं, एकदा बघून घेऊ."

सरळ होती म्हणून तुटणार होती. अख्खा गाव वळशाने जातो म्हणून डॉक्टरांचा हात वळसाच ओळखतो. उठताना मी त्या हाताला हात जोडले. मॅडम ओशाळल्या.

घरी आल्या आल्या ज्ञानेश्वरला फोन लावला. सरळ काढता येत होती — घरातच पुरावा! तो म्हणणार, प्रत्येकात फरक पडतो, हेच तर आम्ही सांगतो दाजी. म्हणू दे. रिंग वाजतेय तोच सैपाकघरातून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं —

"पहिले जेवी ल्या, मंग भांडा!"